निरगुडीची जुडी

आमच्या घरमालकांना ऐकू कमी येतं असं अख्खं पडेगाव समजायचं. मीही समजायचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर कानाला हेडफोन लावून "हॅलो, बोला, कुठला नंबर, परत सांगा" करून जीव मेटाकुटीला आलेला असायचा. घरी येऊन फाटकाची कडी काढते न काढते तोच ओट्यावरून आवाज यायचा, "आलात का, बाई?" मी म्हणायचे, "आले." "काय म्हणालात? पुन्हा सांगा." "आले म्हटलं, मालक!" मग त्यांची मान समाधानानं हलायची. मी समोर उभी दिसतेय, चपला काढतेय, तरी आले हे माझ्याच तोंडून दोनदा वदवून घेतल्याशिवाय या माणसाला चैन नाही. देवा रे, काय छळ होता तो!

आता माझेच कान गेले. नातवंडं काही बोलली की मी "काय म्हणालास रे?" म्हणते आणि पोरं वैतागून निघून जातात. परत बोलावून पुन्हा विचारावं एवढी ताकद उरली नाही. तसं झालं की मालक आठवतात, आणि त्यांच्या मागं उभी असलेली ती निरगुडी.

मी पिशोरची. नोकरी लागली तेव्हा एकट्या बाईला औरंगाबाद शहरात खोली द्यायला कुणी तयार होईना. छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला पडेगावात एक घर आहे, मालक विक्षिप्त आहे पण माणूस सज्जन, असं ऑफिसातल्या एकीनं सांगितलं. गेले. ओट्यावर एक उंच, वाळकुडा माणूस, डोक्यावर काळी टोपी. महसूल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला. मूळ देवगाव रंगारीचे, शेतीभाती असलेले, निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले. नाव नाही, गाव नाही, एकदम एक डहाळी माझ्या नाकासमोर धरून विचारलं, "हे काय?"

"निरगुडी."

"काय म्हणालात? पुन्हा सांगा."

"निरगुडी."

"कशावरून?"

मला हसूच आलं. शेतकऱ्याच्या पोरीला निरगुडी कशावरून विचारताय? म्हटलं, हाताच्या बोटांगत पानं, कुठं तीन, कुठं पाच. वरून हिरवी, खालून राखेरी. चुरगाळलं की उग्र वास, हात धुतला तरी जात नाही. शेळी तोंड लावत नाही, म्हणून बांधाला लावतात. ते म्हणाले, "लई बरोबर. पण कवळ्या फांदीवर बोट फिरवून बघा. गोल लागती का चौकोनी?" बघितलं तर खरंच चौकोनी. जन्म पिशोरात काढला, पण फांदीला कोपरे असतात हे मला त्या दिवशी कळलं.

खोली मिळाली. माझ्या आधी बँकेतले एक साहेब येऊन गेले होते. त्यांनी ती डहाळी गांजाची समजून मालकांना डोळा मारला. पान दिसतं तसं थोडं, त्यांचंही काही चुकलं नाही. पण त्यांना पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं, असं काकूंनी मला नंतर हसत हसत सांगितलं. काकू म्हणजे मालकांची बायको. बुटकी, गोरी, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. त्या घरात मी टिकले ती काकूंमुळे.

निरगुडीचं वेड किती म्हणजे किती! मुळात एकच झाड होतं म्हणे, दोन घरांच्या मधल्या बांधावर. मालकांनी त्याच्या फांद्या तोडून, पाऊस लागला की टोचून टोचून सगळीकडं केली. हातभर लांबीचा, करंगळीएवढा जाड तुकडा घ्यायचा, खालचा काप तिरका, आणि डोळे वरच्या अंगाला येतील असा मातीत रोवायचा. उलटा लागला की गेला. मी एकदा उत्साहात चार तुकडे उलटे रोवले, तर मला बाजूला बसवून प्रत्येक तुकड्याचं डोकं कुठलं नि पाय कुठले ते शिकवलं. मी दोन शिफ्ट लागोपाठ करून आले होते. डोळे मिटत होते, आणि हे म्हणतायत, "पुन्हा सांगा, डोकं कुठलं?"

पानांचे उपयोग तर तोंडपाठ. तव्यावर गरम करून सुजेवर बांधायची. पाण्यात उकळून वाफ घ्यायची, त्याच पाण्यानं बाळंतिणीला शेकायचं. वाळवून ज्वारीच्या कणगीत टाकायची, किडा होत नाही. संध्याकाळी धुरी केली की डास पळतात, आणि खोकत खोकत भाडेकरूही. डोकं दुखलं की उशीत पानं भरायची. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण त्यांची स्वतःची एक थिअरी होती: तीन पानांची डहाळी दुखण्याला, पाच पानांची सुजेला. एकाच फांदीवर दोन्ही असतात हो, मी म्हणायचे. ते म्हणायचे, "म्हणून तर निवडायची." नावंही घडाघडा सांगत. ओढ्यावरची निगड, बाजारातली निरगुडी, पोथीतली सिंदुवार. उर्दू शिकलेला माणूस, पण त्या भाषेतलं नाव मात्र त्यांच्या यादीत कधी आलं नाही. तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला कळत नव्हती. कुंपणापलीकडं वाळक्या पाचोळ्यावर शेळीचं पाऊल पडलं तरी हा माणूस उठून बसायचा. "हुर्र!" करायचा. मग माझं "आले" तेवढं ऐकू येत नाही? काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लग्नात चांगलं ऐकू येत होतं मेलं. मधीच कधी हे खूळ शिरलं. घरात मीठ संपलं म्हणून सांगायचं तर दोनदा. पोटात दुखतंय म्हणायचं तर दोनदा. दुसऱ्यांदा सांगूस्तोवर दुखायचं थांबतं."

आता शेजारच्या घराचं सांगायला हवं. आमच्या घराला लागून, मधल्या बांधापलीकडं तसंच एक घर होतं. बसकं, दगडी जोत्याचं, दाराला कुलूप. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या आधी तिथं एक पेशकारसाहेब राहायचे, निजामाच्या कचेरीतले. दोन्ही घरांचं येणंजाणं होतं, ईदेचा शीरखुर्मा इकडं, दिवाळीचा फराळ तिकडं. पोलीस ॲक्शन झाली आणि सगळं बदललं. कोण कुणाला भिऊन होतं ते विचारू नका. पेशकारसाहेब बायकोपोरांना घेऊन हैदराबादला मेव्हण्याकडं निघाले, निवळलं की येऊ म्हणून. तांगा हलला. मालक या ओट्यावर उभे. पेशकारसाहेबांनी तांग्यातून अर्धं अंग बाहेर काढलं, घराच्या बाजूला बोट केलं आणि ओरडले, "संभालो, भाई, संभालो!" मालकांनी हात जोडले, म्हणाले, "हौ, हौ, बेफिकीर रहो." तांगा वळला. ती माणसं परत आली नाहीत.

हे मला मालकांनी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, आणि एकदा नाही, दर आठवड्याला. कारण त्या एका शब्दापायी त्यांचा जन्म त्या ओट्यावर गेला होता. मालक रोज सकाळी आधी शेजारचं अंगण झाडायचे, मग आपलं. पावसाळ्याआधी त्या घरावरची कौलं चाळायचे. दिवेलागणीला त्या कुलूपबंद दारापुढं दिवा ठेवायचे. घर ओसाड दिसलं की माणसं घुसतात, असं त्यांचं म्हणणं. देशात एवढी उलथापालथ झाली, शेजारपाजारची घरं या हातातून त्या हातात गेली, पण त्या घराचा उंबरा कुणी ओलांडला नाही.

आणि परभणी! काकूंच्या बोलण्यात परभणी आली की मी हातातलं काम खाली ठेवायचे, कारण आता तासभर सुटका नाही. मालकांना बढतीवर परभणीला बदली आली होती. काकूंची एकुलती एक बहीण परभणीला दिलेली. "दोघी एका गल्लीत राह्यलो असतो गं. पापड लाटले असते, भांडलो असतो. पण ह्यांनी साहेबाला सांगितलं, मला जाता येत नाय, शेजाऱ्याचं घर सांभाळायचंय. साहेब हसला म्हणं. हसंल नाय तर काय करंल?" बहीण वारली तेव्हा काकू तार मिळाल्यावर एसटीनं निघाल्या. पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे सांगताना त्या रडत नसत. रडून झालं होतं त्यांचं. फक्त ज्वारी निवडता निवडता सुपाला जोरात फटका बसायचा.

मुलगा नाशिकला नोकरीला. या आमच्याकडं, म्हणून पत्रं टाकून तोही थकला. मालकांचं एकच: "ते आले आणि मी हितं नसलो तर?"

त्या घरापायी त्यांनी केलेली एक लढाई मी डोळ्यांनी बघितली. रस्त्याचं काम निघालं होतं. एका ठेकेदारानं पेशकारसाहेबांच्या अंगणात खडी ओतायला सुरुवात केली. मालक बाज घेऊन गेले आणि खडीच्या ढिगापुढं बसले. ठेकेदार आला. "आजोबा, घर तुमचं का?" "काय म्हणालात? पुन्हा सांगा." "घर तुमचं का?" "पुन्हा सांगा." ठेकेदार ओरडला. हे शांत. ठेकेदारानं कागद वाचून दाखवला. हे म्हणाले, "मधलं नाय समजलं, पुन्हा वाचा." तो पुन्हा वाचतोय, घाम पुसतोय, ट्रकवाला हॉर्न मारतोय. दुपार कलली तेव्हा त्या बिचाऱ्याचा घसा बसला होता. खडी दुसरीकडं हलली. मी ड्यूटीला निघाले होते, हसून हसून माझी बस चुकली.

आणखी एक खोड. कुणी गावाला निघालं की त्याच्या हातात निरगुडीची जुडी. सुतळीनं बांधलेली, ताजी, वासानं नाक झिणझिणणारी. मागितली असो वा नसो. हातात पिशवी दिसली की मालक कोयता घेऊन कुंपणाकडं. "प्रवासात गुडघे धरतात. असू द्या." मी सणाला पिशोरला जायचे तेव्हा माझ्या मांडीवर ती जुडी, आणि एसटीतल्या बाया पदर नाकाला लावून माझ्याकडं बघायच्या. मुलाच्या लग्नाचं वऱ्हाड निघालं तर प्रत्येक पाहुण्याला जुडी. व्याही बिचारे मोटारीत बसले होते, खिडकीतून आत ढकलली. विजेच्या खांबावरून उतरलेला वायरमनसुद्धा सुटला नाही, कारण त्याच्या खांद्याला झोळी होती. मला वाटायचं, झाडं वाढलीत, पानं कुठं घालणार, म्हणून वाटतात.

मग एका दुपारी रिक्षा येऊन थांबली. रविवार होता, मी घरीच होते, ओट्यावर केस वाळवत बसले होते. चाळिशीला टेकलेली एक बाई उतरली, डोक्यावरून पदर, डोळ्याला चष्मा. आधी ती शेजारच्या बंद दाराकडं बघत राहिली. झाडलेलं अंगण, दारापुढं कालच्या दिव्याचा काळा डाग. मग आमच्याकडं आली.

"चचा, पैचाने नै? मैं पेशकारसाब की छोटी."

मालक म्हणाले, "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं. मालक उठले, बसले, परत उठले. डोक्यावर टोपी असून टोपी शोधू लागले. "घर सलामत है, बेटी," एवढंच तोंडातून निघालं.

मी तिला पाणी दिलं, काकूंनी चहा टाकला. तिनं सगळं सांगितलं. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली, अम्मी त्यांच्या पाठोपाठ. भावांनी आता हे घर विकायचं ठरवलंय, शहरातल्या एका व्यापाऱ्याशी बोलणंही झालंय. पाडून गोदाम होणार. पाडायच्या आधी एकदा बघावं म्हणून ती एकटीच आली होती. भिंत पडली असेल, कुणीतरी घुसलं असेल, असं धरून आली होती. ती डोळे पुसत म्हणाली, "इत्ते साल आप काइकू इत्ता करे, चचा?"

मालक कुंपणाकडं बघत होते. उत्तर काकूंनी दिलं, कपबशा घेऊन येता येता, अर्ध्या अभिमानानं आणि अर्ध्या रागानं. "तुझ्या अब्बांनीच तर सांगितलं होतं की, बाई. तांग्यातून ओरडून. संभालो म्हणून."

ती बाई बघत राहिली. मग तिनं तोंडावर हात ठेवला. हसू दाबत होती.

"संभालो नै, चाची. संभालू!"

काकू कपबशा हातात घेऊन तिथंच थांबल्या. आणि ज्या बोलण्यावर त्या आयुष्यभर करवादल्या, तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"काय म्हणालीस? पुन्हा सांग."

"संभालू. ये झाड," तिनं मधल्या बांधाकडं बोट केलं, तेच बोट, तीच दिशा. "हमारे में निरगुडी कू संभालू बोलते. अम्मी के घुटने सूज को थे, रेल में बैठना था. अब्बा झाड कू उंगली बताको चिल्लाए, संभालू, भाई, संभालू! चचा हाथ जोडे, हौ हौ बोले, हौर वैसेइच खडे रै गए. मैं तांगे में थी, मेरेकू याद है. अम्मी हैदराबाद तक चचा कू कोसते गए. घर में अब्बी बी मजाक करते, औरंगाबाद के चचा से कुछ बी मांगो, हाथ जोडते बोलको."

एक ओकार आणि एक उकार. असल्या चुका मी एक्स्चेंजमध्ये रोज करत होते. कुणी पिशोर मागावं आणि मी पैठण जोडून द्यावं. पण तिथं माणूस शिव्या देतो, पुन्हा सांगतो, आणि दुसऱ्या मिनिटाला बरोबर नंबर लागतो. इथं पोरांची लग्नं होऊन गेली, माणसं मरून गेली.

मालक उठले. कोयता घेतला, बांधावरच्या जुन्या झाडापाशी गेले आणि डहाळ्या निवडून निवडून तोडू लागले. पाच पानांच्या, सुजेवरच्या. सुतळीनं जुडी बांधली आणि त्या बाईपुढं धरली.

"अम्मी तो कब की गुजर गए, चचा."

"असू द्या. न्या."

तिनं दोन्ही हातांनी घेतली. मग जुडी छातीशी धरून ती पलीकडं गेली, त्या बंद दाराला हात लावून उभी राहिली, आणि रिक्षात बसून निघून गेली. वास अंगणात तसाच राहिला.

चहा निवला होता. काकू ओट्याच्या कडेला बसल्या, मालकांकडं न बघता. मी उठून आत जाणार होते, पण पाय निघेना.

"तुम्हाला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या.

मी वाट बघत होते, आता म्हणतील, पुन्हा सांग. मालक तसं म्हणाले नाहीत.

"व्हय."

"कधीपासून?"

"परभणी नाकारली त्याच्या दुसऱ्या साली. गुलमंडीवर जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराच्या दुकानात गेलो होतो. पिशवीत ही पानं होती. त्यानं बघितली आणि म्हणाला, संभालू कुठून आणलात." मालकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तवा समजलं. एकदा विचारलं असतं, काय म्हणालात म्हणून, तर तांगा थांबला असता."

"मग मला का नाय सांगितलं?"

"काय तोंडानं सांगू? तुझी परभणी माझ्या कानापायी गेली म्हणून?"

"आणि तरी झाडत राह्यलात. तरी दिवा लावत राह्यलात."

"बंद केलं असतं तर तू विचारलं असतंस, का बंद केलं."

काकूंनी कपबशा उचलल्या आणि आत गेल्या. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. तवा, पातेली, परात, सगळी. मला त्या माणसाचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की दोन्ही एकदम कुठं ठेवावं ते कळेना. तीस वर्षं शेजाऱ्याचं अंगण झाडायचं, ते बायकोनं एक प्रश्न विचारू नये म्हणून! तोवर पलीकडच्या घरावरही त्यांचा जीव जडला असेल. असेलच. पण ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते तसेच बसून होते, टोपी गुडघ्यावर, उघड्या डोक्यानं.

ऊन गेलं. रस्त्यानं म्हशी परतल्या. मालक रोजच्या वेळेला उठले नाहीत. पलीकडचं दार अंधारात बुडायला लागलं. भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. मग काकू उंबऱ्यात आल्या. एका हातात तेलाचा बुधला, दुसऱ्या हातात वात.

"अहो, दिवेलागण झाली. तिकडचा दिवा राह्यलाय."

मालकांनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुम्हाला," काकू म्हणाल्या, आणि बुधला त्यांच्या हातात दिला.